पेटी, तार आणि चौदा सेंट

पियानो जास्त भावपूर्ण की गिटार, हा वाद आमच्या ऑफिसात दर दोन महिन्यांनी निघतो. दोन्ही बाजूंचे मुद्दे आता पाठ झालेत. मंडळी, मला मात्र वाटतं की हाच वाद आपल्याकडे केव्हाच लढला गेलाय, आणि तोही जास्त गंभीरपणे. फक्त तिथे पियानोच्या जागी पेटी होती आणि गिटारच्या जागी सारंगी.

आधी थोडं इंजिनिअरिंग. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. किती जोरात आपटायची ते तुमच्या हातात, पण एकदा आपटली की त्या सुराची उंची बदलता येत नाही. गिटारला पडदे असले तरी बोट तारेवरच असतं. तार ओढली की सूर वर चढतो. म्हणजे पियानो डिजिटल आणि गिटार बरीचशी ॲनालॉग म्हणा ना! पियानो एकाच वेळी दहा बोटांनी दहा सूर देतो, पण दोन सुरांमधली जागा त्याच्याकडे नाही. आणि आपल्या संगीताचा जीव नेमका त्या जागेत. मींड म्हणजे दुसरं काय?

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेंनी १८४२ मध्ये घेतलं. मूळचं वाद्य पायाने भाता मारायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी कलकत्त्यात त्याची हाताने भाता मारायची आवृत्ती तयार व्हायला लागली आणि जमिनीवर बसून वाजवणाऱ्या देशाला ते पटकन मानवलं. मराठी रंगभूमीने तर पेटी डोक्यावरच घेतली. १९११ च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नावाजलेले पेटीवादक.

पण पेटीत एक बग आहे. सप्तकाचे १२०० सेंट समजले, तर बारा सारख्या भागांत वाटलेल्या पेटीचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोरा नीट जुळला की त्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार असतो ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंट, त्यामुळे तिथे चालून जातं. गंधारात मात्र तयार कानाला खुपतं.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी हा बग दुरुस्त करायचा प्रयत्न केला. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने त्यांनी श्रुती-हार्मोनियम बनवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती दाखवली गेली, पण जाणकारांनी स्वीकारली नाही. पट्ट्या वाढवल्या तरी मींड कुठून येणार? पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधातच होते. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं.

आता आमच्या अहमदपूरकडे या. १९४० मध्ये आमचं गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात. (लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये.) संस्थानाचं डेक्कन रेडिओ वेगळं, ते आकाशवाणीकडे आलं १९५० मध्ये. पण रेडिओ कुणाचा का असेना, देवळातल्या भजनावर कोण बंदी घालणार? वारकऱ्यांचं भजन असो की मन्मथस्वामींच्या परंपरेतलं शिवकीर्तन, आमच्या भागात वीणा, टाळ, मृदंगाच्या जोडीला पेटी येऊन बसली ती बसलीच.

आणि इथे मला गंमत वाटते. भजनात वीणेकरी तार छेडतो ती आधारसूर धरून ठेवायला. मींड गळ्यातून येते. पेटीचं काम एवढंच की वीस-पंचवीस जणांना एका पट्टीत बांधून ठेवायचं. मोठ्या आवाजात, माईक नसताना, दर वेळी जुळवत न बसता. चौदा सेंटची चूक तिथे कुणाला अडत नाही. ख्यालाच्या साथीत मात्र वाद्याला गळ्याच्या मागे सावलीसारखं जायचं असतं. तिथे सारंगीला तोड नव्हती, आणि तिथेही पेटीच जिंकली, याची मात्र मला खंत वाटते. सारंगी शिकायला आयुष्य जातं, पेटीवर महिन्याभरात आरती वाजते. सोपं ते टिकतं. आपल्या धंद्यात हे वेगळं सांगायला नको.

तरी पेटीला नुसतं सोपं म्हणून हिणवणंही बरोबर नाही. आपल्या मराठवाड्यातल्या, जालन्याजवळच्या जळगावचे अप्पा जळगावकर (१९२२-२००९) भीमसेनजी, किशोरीताईंच्या साथीला बसायचे. शेजारच्या पट्ट्यांना निसटता स्पर्श करत आणि भात्याचा दाब सांभाळत चांगला वादक मींडेचा भास निर्माण करतो. हो, भासच. पण नसलेली गोष्ट ऐकवणं ही काय कमी कला आहे?

तारेनेही आपली वाट काढलीच. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

तेव्हा श्रेष्ठ कोण? माझ्या मते एकाच्या हातात वाद्य किती बोलतं हे एक माप, आणि किती जणांना ते बोलतं करतं हे दुसरं. पहिल्यात तार जिंकते, दुसऱ्यात पेटी. आमच्या गावाने दुसरं माप निवडलं. सारंगी ऐकली की मला पहिलंच खरं वाटतं.