डोपिंग टेस्ट नेमकी कशी चालते? फोन, बाटली आणि रक्ताचा पासपोर्ट

१३ ऑक्टोबर २०२४. शिकागो मॅरेथॉनमध्ये केनियाच्या रूथ चेपनगेटिचने २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत शर्यत संपवली. महिलांचा आधीचा विश्वविक्रम होता २:११:५३. २ तास १० मिनिटांच्या आत धावलेली ती जगातली पहिली बाई. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेत एका पत्रकाराने तिला सरळ विचारलं, की ही वेळ खरी वाटत नाही असं लोक म्हणतील, त्यांना काय सांगशील? लोक बोलणारच, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली आणि विषय तिथेच थांबला. इंटरनेटवर मात्र दोन गट पडले. एक गट म्हणाला, वेळ बघूनच कळतंय. दुसरा म्हणाला, टेस्ट झालीय ना, मग गप्प बसा.

दोन्ही गटांचं चुकत होतं, आणि ते का, हे समजायला टेस्ट म्हणजे नक्की काय हे माहीत असावं लागतं. आपल्याकडे बातमी येते 'अमुक खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी', पण त्यामागची सगळी यंत्रणा कोणी समजावून सांगत नाही. त्यात केमिस्ट्री आहेच, पण डेटा आणि लॉग यांचा भाग त्याहून मोठा आहे. म्हणून हा लेख आपल्या साइटवर.

सुरुवात फोनपासून

शर्यतीच्या दिवशी टेस्ट होणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी सापडतो तो बेसावध माणूस. खरं डोपिंग होतं सरावाच्या महिन्यांत, त्यामुळे खरी टेस्टही तेव्हाच आणि न सांगता व्हायला हवी. पण त्यासाठी खेळाडू आज कुठे आहे हे कळायला हवं ना!

त्यासाठी जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेची, म्हणजे 'वाडा'ची, 'ॲडम्स' नावाची सिस्टिम आहे आणि खेळाडूंसाठी 'ॲथलीट सेंट्रल' हे मोबाइल ॲप. वरच्या यादीतल्या खेळाडूला दर तीन महिन्यांचं वेळापत्रक आधीच भरावं लागतं. रात्री झोपणार कुठे, सराव कुठे, आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ या दरम्यानचा कोणताही एक तास, ज्या तासात मी या पत्त्यावर हमखास सापडेन. हे लाइव्ह लोकेशन शेअरिंग नाही, खेळाडू स्वतः माहिती भरतो. बेत बदलला तर ॲपमध्ये जाऊन बदलायचं. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, म्हणजे जागेवर सापडला नाही किंवा माहिती चुकीची भरली, की तो डोपिंगचाच गुन्हा. शरीरात काहीही सापडलेलं नसताना दोन वर्षांपर्यंत बंदी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आठवडाभर ऑन-कॉल राहायचं म्हटलं तरी वैताग येतो, इथे हे वर्षानुवर्षं चालतं.

अमेरिकेचा १०० मीटरचा जगज्जेता ख्रिश्चन कोलमन यातच अडकला. ९ डिसेंबर २०१९ ला त्याचा तास होता संध्याकाळी ७:१५ ते ८:१५. अधिकारी दारात उभा राहून बेल वाजवत होता आणि कोलमन ख्रिसमसच्या खरेदीला गेला होता. मी त्या तासात घरी येऊन गेलो, असं त्याने सांगितलं. पण ७:५३ ची खाण्याच्या दुकानाची आणि ८:२२ ची सुपरमार्केटची पावती पुढे आली. दोन्ही पावत्यांच्या मध्ये घरी जाऊन तो परत आला, हे लवादाला पटलं नाही. दोन वर्षांची बंदी लागली. पुढे क्रीडा लवाद न्यायालयाने ती १८ महिन्यांवर आणली, कारण अधिकाऱ्याने एक फोन केला असता तर तो वेळेत घरी पोहोचू शकला असता. नियमाने फोन करणं बंधनकारक नव्हतंच, पण आधीच्या अनुभवावरून त्याला तशी अपेक्षा होती. टोकियो ऑलिंपिक तरीही हुकलंच. कोलमन दोषी होता की निष्काळजी? त्या निकालातून ते कळत नाही. तो तासभर जागेवर नव्हता, एवढंच कळतं.

बाटली

अधिकारी सापडला, खेळाडू सापडला. आता किमान ९० मिलिलिटर लघवी, तीही अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मॅरेथॉन धावून शरीरातलं पाणी संपलं असेल तर तासन् तास बसावं लागतं. खूप पाणी प्यायलं तर नमुना पातळ होतो आणि मग परत द्यावा लागतो. सीलबंद किट खेळाडू स्वतः निवडतो, 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत स्वतः ओततो, झाकण स्वतः फिरवतो. ते झाकण बंद होताना एकाच दिशेने फिरतं, उघडायचं तर मोडावंच लागतं. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, फक्त कोड नंबर दिसतो. 'ए' दोषी निघाला तर खेळाडू 'बी' उघडायची मागणी करू शकतो.

प्रयोगशाळा म्हणजे अँटिव्हायरस

लॅबमध्ये मुख्य काम करतो मास स्पेक्ट्रोमीटर. नमुन्यातले घटक आधी वेगवेगळे करायचे, मग प्रत्येकाचे तुकडे पाडून त्यांचं वस्तुमान मोजायचं. प्रत्येक रसायनाचे तुकडे ठरलेल्या पद्धतीने पडतात, जणू बोटाचा ठसा. मग हा ठसा यादीतल्या ठशांशी जुळवायचा.

इथेच मेख आहे. जुना अँटिव्हायरस फक्त ओळखीचे व्हायरस पकडायचा, तसंच इथेही यादीत नसलेलं औषध आरामात निसटू शकतं. 'टीएचजी' नावाचं स्टेरॉइड मुद्दाम असं बनवलेलं होतं की कोणत्याही यादीत नसावं, आणि नेहमीच्या तपासणीच्या प्रक्रियेत ते मोडूनही जायचं. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज गुपचूप तपास यंत्रणेकडे पाठवली, लॉस एंजेलिसच्या लॅबने त्यातला अंश ओळखला आणि त्यासाठी नवी टेस्ट तयार केली. मेरियन जोन्सने सिडनी ऑलिंपिकची पाच पदकं घेतली होती. इतक्या टेस्ट दिल्या, एकही दोषी नाही, हाच वर्षानुवर्षं तिचा बचाव होता. २००७ मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. 'टेस्ट झालीय ना' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. टेस्ट निगेटिव्ह आली याचा अर्थ, त्या दिवशी त्या नमुन्यात यादीतलं काही सापडलं नाही.

पण अँटिव्हायरस अपडेट झाल्यावर जुनी हार्ड डिस्क परत स्कॅन करता येते. नमुने दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवतात ते यासाठी. २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे नमुने काही वर्षांनी नव्या पद्धतीने तपासले, तेव्हा शंभराहून जास्त खेळाडू दोषी निघाले. टुरिनाबोल हे जुनं पूर्व जर्मन स्टेरॉइड शरीरातून लवकर निघून जातं असा समज होता. त्याचे आठवडेच्या आठवडे टिकणारे अंश संशोधकांनी नंतर शोधले. ते शोधणाऱ्यांपैकी एक होता मॉस्को लॅबचा प्रमुख ग्रिगोरी रॉडचेंकोव्ह. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

औषध शरीरातच तयार होत असेल तर?

टेस्टोस्टेरॉन तर सगळ्यांच्याच शरीरात असतं. मग बाहेरून घेतलेलं कसं ओळखायचं? पहिली पायरी म्हणजे त्याचं एपिटेस्टोस्टेरॉन या भावंडाशी असलेलं प्रमाण. साधारण १:१ असतं, ४:१ च्या वर गेलं की संशय. पण पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत एक जनुक नसल्यामुळे हे प्रमाण मुळातच खूप कमी असतं. अशा माणसाने टेस्टोस्टेरॉन घेतलं तरी तो ४ च्या खालीच राहू शकतो. सगळ्यांना एकच रेषा लावण्यातला हा बग आहे.

दुसरी पायरी मला स्वतःला सगळ्यात आवडते. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, आणि त्या वनस्पतींत कार्बन-१३ हा जड कार्बन किंचित कमी असतो. आपण मका, दूध, मांस, भात सगळं मिसळून खातो, त्यामुळे आपल्या शरीराने बनवलेल्या हार्मोनमध्ये कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं पडतं. रेणू तोच, रचना तीच, फक्त कार्बनच्या वजनावरून कळतं की हा माल घरचा की बाहेरचा.

रक्ताचा पासपोर्ट

ईपीओ हे हार्मोन शरीराला लाल पेशी वाढवायला सांगतं. पेशी जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त, लांब पल्ल्याच्या धावपटूला सोन्याहून पिवळं. पण छोट्या डोसमध्ये घेतलं तर ईपीओ लवकर दिसेनासं होतं, आणि परिणाम मात्र आठवडे टिकतो. म्हणून २००९ च्या सुमारास विचारच उलटा केला गेला: चोर पकडायचा नाही, त्याच्या पावलांचे ठसे बघायचे.

खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं तपासायचं आणि हिमोग्लोबिन, कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण असे आकडे साठवत जायचं. सुरुवातीला सॉफ्टवेअरकडे फक्त सर्वसाधारण लोकसंख्येच्या मर्यादा असतात. प्रत्येक नव्या नमुन्यानंतर ते त्या एका माणसाच्या मर्यादा अरुंद करत जातं. ज्यांनी बेझचा नियम शिकलाय त्यांना कळेलच, हा त्याचाच वापर आहे. काही वर्षांनी तुमची तुलना फक्त तुमच्याशीच होते.

ईपीओ थांबवलं की काय होतं बघा. हिमोग्लोबिन वर असतं, पण शरीर म्हणतं, पेशी पुरेशा आहेत, कारखाना बंद. म्हणून कोवळ्या पेशी खाली जातात. एक आकडा वर आणि दुसरा खाली, ही जोडी नैसर्गिकपणे सहसा दिसत नाही. रक्त घेताना व्यायामानंतर काही वेळ जाऊ द्यावा लागतो, दहा मिनिटं शांत बसवतात, आणि नमुन्याच्या खोक्यात तापमान नोंदवणारा लॉगर असतो, कारण उष्णतेने आकडे बिघडतात. सॉफ्टवेअरने संशय दाखवला तरी शिक्षा सॉफ्टवेअर देत नाही. तीन तज्ज्ञ नाव न बघता आलेख वाचतात. उंच डोंगरावरचा सराव, आजारपण, रक्तस्राव यांपैकी काही कारण आहे का हे बघतात, आणि तिघांचं एकमत झालं तरच पुढे केस होते.

मशीनने पकडलं, माणसांनी दाबलं

रशियाची लिलिया शोबुखोवा शिकागो मॅरेथॉन तीनदा जिंकली होती. तिच्या पासपोर्टमध्ये गडबड दिसत होती. पण प्रकरण दाबण्यासाठी तिच्याकडून साडेचार लाख युरो घेतले गेले, हे २०१४ च्या शेवटी एका जर्मन माहितीपटातून बाहेर आलं. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचे माजी अध्यक्ष लामिन डियाक यांना रशियन डोपिंग प्रकरणं दडपण्याच्या भ्रष्टाचारात २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा दिली.

आणि आता रॉडचेंकोव्ह. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच्या लॅबच्या भिंतीला एक भोक होतं. रात्री त्यातून बाटल्या पलीकडे जायच्या, गुप्तचर खात्याची माणसं ते 'न उघडणारं' झाकण उघडायची आणि आत जुनी स्वच्छ लघवी भरायची. त्याने अमेरिकेत जाऊन हे सगळं सांगितलं. पुढे तपासात झाकणांच्या आत ओरखडे सापडले, काही नमुन्यांत माणसाच्या शरीरात शक्य नाही इतकं मीठ सापडलं.

प्रकरण तिथेही संपलं नाही. मॉस्को लॅबच्या डेटाबेसची एक प्रत वाडाला एका खबऱ्याकडून मिळाली होती. जानेवारी २०१९ मध्ये वाडाने लॅबमधून अधिकृत प्रत घेतली आणि दोन्ही ताडून बघितल्या. जुन्या प्रतीतल्या नोंदी नव्या प्रतीतून गायब होत्या. कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन फाइली बदलल्या होत्या. रॉडचेंकोव्ह पैसे उकळत होता असं दाखवणारे खोटे मेसेजसुद्धा आत घुसवले होते. बॅकअपची किंमत सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आपल्याकडे

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडलेल्या दिसल्या. मग 'नाडा'चे अधिकारी आले, आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम फेरीत एकच धावपटू ट्रॅकवर उतरला. बाकीचे गायब! २०२३ च्या वाडाच्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने होते आणि त्यांपैकी २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या संख्येने टेस्ट करणाऱ्या देशांमध्ये हे प्रमाण फार वाईट आहे.

सगळेच मुद्दाम घेतात असं नाही. २०११ मध्ये भारताच्या ४ बाय ४०० मीटर रिले संघातल्या मुली पकडल्या गेल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या पूरक गोळ्यांतून हे झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही बंदी टळली नाही. नियम कडक आहे: शरीरात सापडलं, तर जबाबदारी तुमची. मुंबईचा पृथ्वी शॉ २०१९ मध्ये टर्ब्युटॅलिनसाठी आठ महिने बाहेर होता, आणि ते खोकल्याच्या औषधातून आल्याचं मान्य झालं होतं.

तुम्ही पोलीस भरतीची नाही तर जिल्हा स्पर्धेची तयारी करत असाल आणि जिममधला कोणी डबा हातात देत असेल, तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे. टेस्ट फक्त ऑलिंपिकवाल्यांची होत नाही. 'नाडा'चं 'नो युवर मेडिसिन' ॲप आहे, औषधाचं नाव टाकून त्यात बंदी असलेलं काही आहे का ते बघता येतं. प्रोटीन पावडरचं तसं नाही. डब्यावर न छापलेलं काय आत आहे, हे कोणतंच ॲप सांगू शकत नाही.

आता परत चेपनगेटिचकडे. विक्रमानंतर पाच महिन्यांनी, १४ मार्च २०२५ ला, तिचा नमुना घेतला. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. घरात कोणाला ब्लड प्रेशर असेल तर त्यांच्या गोळीचं पाकीट उलटून बघा, हे नाव बऱ्याचदा दिसतं. लघवी वाढवून ते दुसऱ्या औषधांच्या खुणा पातळ करतं, म्हणून खेळात बंदी. चुकून मिसळलं असेल म्हणून २० नॅनोग्रॅमपर्यंत माफ असतं. तिच्या नमुन्यात होतं ३,८०० च्या आसपास. आधी तिला काही सांगता आलं नाही, नंतर ती म्हणाली की आजारी असताना घरकाम करणाऱ्या बाईची गोळी घेतली. तिच्या फोनमधला डेटाही तपासला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांची बंदी स्वीकारली.

बंदीसोबत १४ मार्च २०२५ पासूनचे तिचे निकाल रद्द झाले. शिकागोची शर्यत त्याच्या पाच महिने आधीची. त्या दिवसाबद्दलचा पुरावा कोणाकडे नाही, त्यामुळे २:०९:५६ हा आकडा यादीत अजून तसाच आहे.