मेढीची साक्ष

घर किती जुनं, असं विचारलं की तोरणमाळचा आजा आधी मेढीवर थाप मारायचा. "ही? ही छप्पन्याच्या आधीची." मग बिडी पेटायची आणि पुढचं आपण ओळखायचं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. छप्पन्या हा कोणी दांडगा माणूस असावा आणि कधीतरी तो दारात येऊन उभा राहील, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

वडिलांची बदली तोरणमाळच्या शाळेवर झाली होती. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग सातपायरीचा घाट. पावसाळ्यात दरड आली की एसटी तिथेच थांबायची, उरलेला रस्ता पायांचा. आम्ही खालच्या सपाटीवरचे, घरात अहिराणी बोलणारे. आजा आमचा घरमालक; त्याने राहायला दिलेली पडवी बघून आई म्हणाली होती, "हाई काय घर शे?"

घर पावरा लोकांचं असतं तसंच होतं. आजूबाजूला स्वतःचं शेत, शेजारी हाकेच्या अंतरावर. सागाच्या मेढी, त्यांच्या बेचक्यात आढं, वर हाताने थापलेली नळीची कौलं, भिंती म्हणजे बांबूचा कूड आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. अर्ध्यात माणसं, अर्ध्यात गुरं, मध्ये कणग्या. थंडीत गुरांच्या उबेवर झोप लागायची. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. डिसेंबरात त्या उबेची किंमत आईलाही कळली, आणि घराला नाव ठेवणं बंद झालं.

छप्पन्याचा उलगडा वडिलांनी केला. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. गुजरात, राजस्थान, खानदेश, सगळीकडे भिल्ल-पावऱ्यांच्या तोंडी तो याच नावाने राहिला आहे. आजाचं कॅलेंडर असंच होतं. छप्पन्या, मग मानमोडीचा ताप (1918 ची साथ), मग गुलाबाबाचं साल, मग बहात्तरचा दुष्काळ. गुलाबाबा म्हणजे तळोद्याकडच्या मोरवडचे गुला महाराज. 1938 च्या सुमाराला त्यांनी हजारो आदिवासींकडून दारू सोडवली, एकमेकांना 'आप' म्हणायला लावलं. आजा बापाच्या खांद्यावर बसून तिथल्या आरतीला गेला होता. त्याला एवढंच आठवायचं, "इतकी माणसं, आणि एकही झिंगलेला नाही." हे सांगताना तो स्वतः मोहाच्या पहिल्या धारेची चव घेत असे, हेही सांगायला हवं.

मेढीची गोष्ट अशी. आजाचा आजा मूळचा खालच्या खोऱ्यातला. तिथल्या पाड्यात ताप शिरला, माणसं मेली, तेव्हा उरलेल्यांनी घर उतरवलं. कौलं टाकून दिली, कूड टाकून दिला. मेढी तेवढ्या खांद्यावर घेतल्या आणि वर आले. वर आल्यावर दुष्काळाने गाठलं, कंदमुळांवर दिवस काढले, पण घर उभं होतं. तेव्हापासून कूड किती वेळा बदलला, कौलं किती वेळा फेरली, आढं दोनदा नवं घातलं. मेढ तीच. मग हे घर किती जुनं म्हणायचं?

आपल्याकडे जुनं म्हणजे दगड. 1958 चा स्मारकांचा कायदा निदान 100 वर्षांची अट घालतो, आणि मेढ त्यात बसते, पण अशा घराकडे त्या नजरेने बघतो कोण? माळाच्या कडेला जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत. मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे, गोरखनाथांचं मंदिर आहे, महाशिवरात्रीला तीन राज्यांतून यात्रा लोटते. पाहुण्यांना मांडूच्या राजांची, थेट महाभारतातल्या युवनाश्वाची राजधानी इथे होती असंही सांगतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. आजाला तटाबद्दल विचारलं तर तो म्हणे, "ते राजांनी बांधलं, नाहीतर देवांनी. आपण नाही." गावाचं नाव मात्र त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. पुस्तकं तोरणादेवीचं नाव सांगतात, तो उन्हाळ्यात पिकणाऱ्या तोरणांच्या झुडपाकडे बोट दाखवायचा आणि मूठभर पांढरी फळं हातावर ठेवायचा.

इंग्लंडमधल्या खेड्यात म्हणे घराच्या दारावरच्या दगडात साल कोरलेलं सापडतं. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं चर्चच्या वहीत लिहायची असा हुकूम तिथे 1538 मध्ये निघाला, आणि 1947 च्या कायद्याने जुन्या साध्या घरांचीही सरकारी यादी होऊ लागली. त्याच इंग्रजांनी 1880 मध्ये खानदेशचं गॅझेटियर छापलं. त्यात तोरणमाळ 'तुरणमाळ' होऊन आलं. आजाचं घर त्यात कशाला येईल?

मेढी उचलून नेण्याची पाळी पुढे पुष्कळांवर आली. सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातली 33 गावं गेली, अक्कलकुव्यातली आणि अक्राणीतली. शूलपाणेश्वराचं मंदिर बुडालं, त्याच्याऐवजी दुसरीकडे नवं मंदिर उभं राहिलं. माणसांनी घरं उतरवली आणि साग घेऊन ती खाली वसाहतींत गेली.

तोरणमाळ बुडालं नाही. तिथे अडचण वेगळी होती. शेत पिढ्यानपिढ्या कसलेलं, पण कागदावर जंगल. 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं होतं. आजाच्या मुलाचा दावा पहिल्यांदा परत आला, शेरा एकच, पुरावा अपुरा. मग कोणीतरी 2008 च्या नियमांतला 13 वा नियम वाचून दाखवला. घर आणि झोपडी हा पुरावा. बांध हा पुरावा. दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या वडीलधाऱ्याचं सांगणं लिहून घेतलं, तर तोही पुरावा. सामूहिक दाव्याला तर देवराई, तळं, दफनभूमीसुद्धा चालते.

म्हणून 2009 च्या उन्हाळ्यात मी कागद-पेन घेऊन त्याच पडवीत बसलो. आजा ऐंशीच्या घरात. तो पावरीत सांगत होता, मी मराठीत उतरवत होतो. लिहिताना बरंच गळलं. "मानमोडीत घरातली चार गेली" हे लिहिता आलं, ती चार कोण हे सांगताना त्याने काढलेला आवाज लिहिता आला नाही. छप्पन्याच्या पुढे मी कंसात इसवी सन घातला. आजाला ते वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "हे काय मध्येच?" तरी त्याने अंगठा दिला.

दावा मंजूर झाला. मागितली होती त्यापेक्षा जमीन कमी मिळाली. आजा त्यानंतर तीन पावसाळे होता. मुलाने आता स्लॅबचं घरकुल बांधलंय. मेढ बाहेर ओट्यावरच्या पत्र्याखाली लावली आहे, आणि तिला म्हैस बांधतात.