न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि महाडचे तळे

न्यायाधीशाचे चरित्र सांगणे मोठे अवघड. सेनापतीच्या लढाया लोकांच्या तोंडी राहतात, कवीचे काव्य घरोघर वाचले जाते. न्यायाधीशाचे कर्तृत्व मात्र दप्तरखान्यातील रुमालांत बांधलेले पडून असते. तथापि क्वचित एखाद्या न्यायाधीशापुढे असे खटले येतात की, त्यांच्या योगाने त्याचे नाव लोकांच्या इतिहासाशी कायमचे जोडले जाते. रॉबर्ट ब्रूमफील्ड हे अशा विरळा न्यायाधीशांपैकी होत. सावित्रीकाठच्या महाडशी या इंग्रज सनदी अधिकाऱ्याचा संबंध तो काय, असे कोणी विचारील. तर त्याचे उत्तर चवदार तळे हे होय.

ब्रूमफील्ड यांचे नाव प्रथम सर्वतोमुखी झाले ते अहमदाबादेस. 18 मार्च 1922 रोजी सेशन जज्ज या नात्याने त्यांच्यापुढे महात्मा गांधींवरील राजद्रोहाचा खटला चालला. आरोपीने गुन्हा कबूल केला होता; प्रश्न उरला होता तो शिक्षेचा. लोकमान्य टिळकांना 1908 साली झालेल्या शिक्षेचा दाखला देऊन न्यायाधीशांनी सहा वर्षांची कैद सांगितली. परंतु ती सांगताना आरोपीच्या थोरवीचा त्यांनी आदराने उल्लेख केला, आणि पुढे सरकारने ही मुदत कमी केल्यास आपल्याइतका आनंद दुसऱ्या कोणास होणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. कायद्याने हात बांधलेले असताही माणुसकी सोडावी लागत नाही, हे त्या दिवशी दिसून आले. 1924 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजींची मुदतीपूर्वीच सुटका झाली.

पुढे बारडोलीच्या 1928 मधील सत्याग्रहानंतर तेथील सारावाढीची चौकशी ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोघा अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आली. सरकारने लादलेली सुमारे 22 टक्क्यांची वाढ असमर्थनीय ठरवून त्यांनी ती सुमारे सहा टक्क्यांवर आणली. सरकारचे वेतन घेऊन सरकारची चूक दाखविणे सोपे नसते. त्यानंतर ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

इकडे महाडास वेगळाच वाद पेटला होता. महाड ही जुनी बाजारपेठ. पोलादपूरकडील डोंगरपट्टीतून बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला येणाऱ्या अस्पृश्य माणसास गावात घोटभर पाणी मिळणे दुरापास्त असे. रावबहादुर बोले यांच्या ठरावाने 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले, व महाडच्या नगरपालिकेनेही 1924 साली तसा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांस मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर काही स्पृश्य रहिवाशांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला व 14 डिसेंबर 1927 रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक जमले असताही आंबेडकरांनी तो हुकूम मानला आणि तळ्यावर जाणे तहकूब केले. स्वतः बॅरिस्टर असलेल्या या पुढाऱ्याने न्यायासनावर टाकलेला हा विश्वास फळास येण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागावयाचा होता.

महाडचे सबॉर्डिनेट जज्ज सराफ यांनी 8 जून 1931 रोजी दाव्याचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. ठाण्याचे असिस्टंट जज्ज कैकिणी यांनी 30 जानेवारी 1933 रोजी तोच कायम केला. वादी हायकोर्टात गेले. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे अपील चालले आणि 17 मार्च 1937 रोजी ते फेटाळण्यात आले. अहमदाबादच्या खटल्यास त्या वेळी पंधरा वर्षे पुरी होण्यास एकच दिवस उरला होता.

निकालातील विचारसरणी ध्यानात घेण्यासारखी आहे. तळे नगरपालिकेचे, तेव्हा अस्पृश्यांस वगळण्याची अनादि वहिवाट आहे, हे सिद्ध करण्याचा भार वादींवर होता. अलीकडच्या काळात अस्पृश्य तेथे पाणी भरीत नव्हते, एवढे दिसत होते. परंतु तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होण्यापूर्वी त्यांना मज्जाव करण्याचा कोणी प्रयत्न केला असेल, हेच न्यायमूर्तींस संशयास्पद वाटले. माणूस एखाद्या ठिकाणी गेला नाही, यावरून त्यास जाण्याचा हक्क नव्हता असे होत नाही. देवळाची गोष्ट वेगळी, अशा तळ्याची वेगळी, असाही भेद त्यांनी केला.

या निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वहिवाट शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी व लोकहितविरोधी आहे काय, हा प्रश्न उभा राहिला असता. शाबीतच न झाल्याने कोर्टाने त्यास हात घातला नाही. म्हणजे तळे खुले झाले ते पुराव्याच्या अभावी. अस्पृश्यतेस दोष देऊन नव्हे. पुरावा भक्कम असता तर काय झाले असते? त्या प्रश्नाचे उत्तर 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने दिले. तिच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 15 व्या कलमाने विहिरी, तळी व स्नानघाट यांवरील भेद मना केला. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या दाव्यातील प्रतिवादीच होते.

सराफ, कैकिणी, ब्रूमफील्ड आणि वाडिया या चौघांनी क्रांती केली नाही. पुढे आलेला पुरावा तेवढा नीट पारखला. परंतु शतकांच्या रूढीस ‘पुरावा दाखव’ असे न्यायासनाने शांतपणे विचारावे आणि तिला तो दाखविता येऊ नये, हेही काही थोडे नव्हे.