इंडियागेम्स
इंडियागेम्स : व्हिडिओ खेळांची निर्मिती व प्रकाशन करणारी मुंबई येथील एक संस्था. भारतातील या व्यवसायाच्या प्रारंभकाळातील ती एक प्रमुख संस्था होय. विशाल गोंडल यांनी ती १९९९ मध्ये स्थापन केली. कारगिल संघर्षाच्या पार्श्वभूमीवरील छोटा संगणकीय खेळ, हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते.

ग्रंथप्रकाशक ज्याप्रमाणे मुद्रण व वितरण यांची जबाबदारी घेतो, त्याप्रमाणे खेळांचा प्रकाशक भांडवल पुरवितो, पात्रांचे हक्क मिळवितो, चाचण्या घेतो व विक्रीची व्यवस्था करतो. त्या काळी भारतात घरगुती संगणक थोडे होते आणि खेळांच्या चोरट्या प्रती सर्रास मिळत. त्यामुळे पैसे देऊन खेळणारा ग्राहकवर्ग मर्यादित होता. पुढे भ्रमणध्वनीचा प्रसार झाला आणि संस्थेला मोठी बाजारपेठ लाभली. जावा भाषेतील हे खेळ अत्यल्प स्मृतीत बसवावे लागत. पडद्याचा आकार व कळफलक यंत्रागणिक वेगळे असल्याने एकाच खेळाची अनेक रूपे तयार करावी लागत. विक्री दूरध्वनी कंपन्यांच्या सूचीमार्फत होई. किंमत ग्राहकाच्या शिल्लक रकमेतून वजा होई व तीतील काही वाटा प्रकाशकास मिळे. सूचीत कोणता खेळ वर दाखवावयाचा, हे कंपनीच ठरवी. बाजारपेठ विस्तारली, तरी दुकानाची किल्ली प्रकाशकाकडे नव्हती.

अनेक यंत्रांसाठी रूपे करणे व हक्क विकत घेणे यांस मोठे भांडवल लागे. डिसेंबर २००४ मध्ये चीनमधील टॉम ऑनलाइन या कंपनीने संस्थेचे सु. ८० टक्के भाग घेण्याचा करार केला. २००७ मध्ये बहुसंख्य भाग मुंबईच्या यूटीव्ही समूहाकडे आले. या काळात क्रिकेटवरील, तसेच रा.वन (२०११) या हिंदी चित्रपटावर आधारित खेळ संस्थेने काढले. २०१२ पर्यंत ती वॉल्ट डिस्ने कंपनीच्या अखत्यारीत गेली. दरम्यान २००८ मध्ये ॲपल व गूगल यांची विक्रीकेंद्रे सुरू झाली होती. दूरध्वनी कंपन्यांच्या सूची मागे पडल्या, किल्ली नव्या हाती गेली आणि विनामूल्य खेळांची स्पर्धा वाढली. २०१६ मध्ये डिस्नेने भारतातील खेळांचा व्यवसाय आवरता घेतला.

भारतीय खेळ परवान्याने विकता येतात, हे या संस्थेने दाखविले. तथापि तिचे बहुतेक खेळ आज खेळता येत नाहीत, कारण ज्या यंत्रांसाठी ते केले होते, ती वापरातून गेली. भारतात ग्रंथांच्या प्रती १९५४ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होतात. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे. व्हिडिओ खेळांना मात्र असा कायदेशीर आधार नाही. परिणामी या प्रकाशनसंस्थेच्या मालकीची हस्तांतरे नोंदली गेली. तिने प्रकाशित केलेल्या कृती मात्र विस्मृतीत जात आहेत.