डॉक

‘लॅपटॉप डॉकला लाव,’ हे हल्ली ऑफिसात रोज कानावर पडतं. शब्द मात्र अस्सल दर्यावर्दी. डच-जर्मन किनाऱ्यांवरून तो इंग्रजीत शिरला. ओहोटीला जहाज गाळात टेकलं की त्याच्या बुडाने जो खळगा पडे, तो डॉक. मग असे खळगे मुद्दाम खोदून, दगडांनी बांधून काढले जाऊ लागले. मुंबईत लवजी नसरवानजी वाडियांनी १७५० मध्ये सुकी गोदी बांधली. आपण ‘गोदी’ म्हणत राहिलो, तरी कुलाब्याचा ससून डॉक ‘डॉक’च राहिला. आरोपीच्या पिंजऱ्यालाही इंग्रजीत डॉक म्हणतात, पण त्याचं कूळ वेगळं.

१९६६ मध्ये जेमिनी-८ या अमेरिकी यानाने दुसऱ्या यानाला जोडून घेत गोदीचा हा शब्द अंतराळात नेला. १९९२ साली अ‍ॅपलचा ड्युओ डॉक आला. त्यात मिटलेला लॅपटॉप व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकवायचा. जहाज गोदीत शिरावं, तसाच तो आत जाई. मला हा सर्वात नेमका वापर वाटतो.

आता काहीच आत शिरत नाही. यूएसबी-सीची एकच केबल खोचली की मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडले जातात, चार्जिंगही सुरू होतं. चार पोर्टांच्या साध्या हबलाही दुकानदार सर्रास ‘डॉक’ म्हणतात.