कापसाच्या खटल्यात वेचणारीची साक्ष कुठे आहे?

राजूर कोळशाच्या खाणीसाठी ओळखले जाते, पण आजूबाजूच्या शिवारात पऱ्हाटीच उभी असते. आमच्या वस्तीतल्या बाया वेचणीला जातात, मजुरी किलोमागे. भाव पडला की घासाघीस आधी याच मजुरीवर होते. भाव का पडला, असे विचारले की गावात व्यापाऱ्याकडे बोट जाते. पण हा हिशेब थेट जिनिव्हापर्यंत जातो.

कापसाच्या व्यापारातला अन्याय जुना आहे. 1896 मध्ये ब्रिटिश सरकारने लँकेशायरच्या गिरण्यांच्या सोयीसाठी भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला. तो 1926 मध्ये रद्द झाला. गुलाम देशाला याविरुद्ध दाद मागायला आंतरराष्ट्रीय न्यायपीठच नव्हते.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तशी सोय झाली. सप्टेंबर 2002 मध्ये ब्राझीलने अमेरिकेवर दावा लावला. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देते, त्यामुळे जगभर भाव पडतात, हा आक्षेप होता. मार्च 2005 मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. तरी अमेरिका पुरती नमली नाही. 2009 मध्ये ब्राझीलला प्रत्युत्तरादाखल निर्बंध लावण्याची परवानगी मिळाली, अमेरिकेचे पेटंट हक्कही अडचणीत येण्याची वेळ आली, तेव्हा तडजोड झाली. 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला.

पैसा ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला मिळाला. त्याच अनुदानाने पोळलेल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांनी 2003 पासून आवाज उठवला, पण त्यांच्या हाती प्रत्युत्तराचे बळ नव्हते. भारत या खटल्यात फक्त त्रयस्थ पक्ष होता. भरपाईतला एक पैसाही विदर्भात आला नाही.

उलट 2018 मध्ये अमेरिकेनेच भारताच्या कापूस हमीभावावर आक्षेप घेतला. डिसेंबर 2019 पासून तर अपील मंडळच ठप्प आहे, कारण अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क तात्पुरते काढले. हंगामाच्या तोंडावर घेतलेल्या या निर्णयात कास्तकाराला कोणी विचारले? वेचणारीचा तर प्रश्नच नाही.

9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आजच्या अनुच्छेद 32 ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, कारण त्याने हक्क मोडला गेलेल्या माणसाला स्वतः न्यायालयात जाता येते. जिनिव्हात फक्त सरकार जाऊ शकते. कोणी म्हणेल, मग खटले निरुपयोगीच. तसे नाही, ब्राझील लढला म्हणून जिंकला. पण आपल्या वतीने सरकार बोलणार असेल, तर कापसाविषयीची भूमिका ठरवताना कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर बाई यांची साक्ष आधी नोंदवा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू करता येईल.