सीडीचा सातबारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकच्या गंगापूर रोडवर अशोकस्तंभाकडून जेहान सर्कलच्या दिशेनं निघालं, की आज मोबाइलची आणि कॉफीची दुकानं लागतात. वीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर ‘सीडी राइट करून मिळेल’ अशा पाट्या असत. लग्नाचे फोटो, कॉलेजचे प्रकल्प, भजनं, कव्वाल्या, सारं काही त्या चकचकीत तबकडीवर उतरवून घ्यायची तेव्हा धावपळ असे. अशीच एक तबकडी माझ्या कपाटात होती.

२००५ साली आम्ही माझ्या आईच्या ओव्या मुद्रित केल्या. घरात सगळे तिला अम्मी म्हणत. पण निफाडकडच्या खेड्यात वाढलेली ती बाई जात्यावर बसली, की शेजारणींसारखीच मराठी ओवी गायची. सलग चार रविवार ती गायली, दर वेळी दहा-बारा मिनिटं. माझा भाचा ते संगणकावर घ्यायचा आणि दुकानात जाऊन त्याच एका सीडीवर टाकून आणायचा. “नवी कशाला, मामू? हिच्यात अजून खूप जागा आहे,” असं त्याचं म्हणणं. २००८ मध्ये अम्मी गेली. पुढं बऱ्याच वर्षांनी ती सीडी यंत्रात घातली, तर तिच्यावर एकच फाइल दिसली, चौथ्या रविवारची. मग पहिले तीन रविवार गेले कुठं?

त्याचं उत्तर शोधताना मला एक मोठा इतिहास सापडला. तोच आज सांगायचा आहे.

सीडीवर एकच बारीक चाकोरी असते. ती आतून निघते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. माहिती साठवण्यासाठी या चाकोरीचे लहान लहान खण पाडलेले असतात. एका खणात २०४८ बाइट मावतात आणि ७०० एमबीच्या सीडीवर असे साडेतीन लाखांहून जास्त खण असतात. आता कोणती फाइल कोणत्या खणापासून सुरू होते आणि तिची लांबी किती, हे कुठं तरी लिहून ठेवायला हवं. ही यादी आणि ती लिहिण्याचे नियम म्हणजेच फाइल सिस्टीम. यादी नसेल तर साडेतीन लाख खण भरलेले असूनही तबकडी मुकीच.

गाण्याची सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. संगणकाची माहिती तिच्यावर ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा ज्या त्या कंपनीची यादी लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालेना. म्हणून १९८५ साली या धंद्यातली मंडळी अमेरिकेत लेक ताहो सरोवराकाठी ‘हाय सिएरा’ नावाच्या हॉटेलात जमली आणि त्यांनी एक सामाईक पद्धत ठरवली. थोडे बदल होऊन १९८८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचं नाव आयएसओ ९६६०. पहिले सोळा खण मोकळे सोडायचे आणि सतराव्यात ‘सीडी००१’ अशी खूण करून पुढच्या यादीचा पत्ता द्यायचा. सर्वांत साध्या पातळीवर फाइलचं नाव आठ अक्षरांचं, त्यापुढं टिंब आणि आणखी तीन अक्षरं, तीही रोमन लिपीतली मोठी. मराठी नावाला तिथं जागा नव्हती. ती झाली १९९५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या ‘जोलिएट’ या पुरवणीमुळं. नावं ६४ अक्षरांपर्यंत लांबली आणि युनिकोडमुळं देवनागरीतही लिहिता येऊ लागली.

पण या पद्धतीत एक मोठं गृहीत होतं. तबकडी कारखान्यात एकदाच छापली जाणार आणि तिच्यावर काय काय असेल ते आधीच ठाऊक असणार. छापील पुस्तकाची अनुक्रमणिका असते, तसंच हे. मग १९९० च्या सुमारास घरी लिहिता येणारी सीडी-आर आली. तिच्यावर रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसर त्यावर कायमच्या खुणा उमटवतो. लिहिलेलं पुसता येत नाही. आज एक फाइल टाकली आणि पुढच्या रविवारी दुसरी टाकायची असेल, तर जुनी यादी दुरुस्त कशी करायची?

उपाय निघाला तो आपल्या शेतकऱ्याला सहज कळेल असा. जमिनीचा मालक बदलला, की तलाठी सातबाऱ्यावरचं जुनं नाव खरवडून काढत नाही. फेरफार नोंदवहीत नवी नोंद होते, ती मंजूर झाली की जुन्या नावाला कंस होतो आणि नवं नाव लागतं. सीडी-आरवरही तसंच ठरलं. दर बैठकीला, म्हणजे ‘सेशन’ला, जुन्या मजकुराच्या पुढं नवा मजकूर आणि त्याच्यासोबत एक नवी यादी. नव्या यादीत जुन्या फाइलींचे पत्तेही उतरवून घ्यायचे. यात जागाही खर्च होते. पहिलं सेशन बंद करायला सुमारे २२ एमबी लागतात आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३.

संगणक साधारणपणे फक्त शेवटची यादी वाचतो. त्या यादीत एखादं नाव उतरवून घेतलं नाही, तर ती फाइल आपल्या लेखी नाहीशी होते. खरं तर ती आपल्या जागी तशीच असते. सीडी-आरवरून ‘पुसणं’ म्हणजे इतकंच, पुढच्या यादीत नाव न घेणं.

नंतर आणखी लवचीक पद्धत आली. १९९५ मध्ये ‘यूडीएफ’ नावाचं मानक तयार झालं आणि डीव्हीडीनं तेच स्वीकारलं. १९९७ मधल्या त्याच्या १.५० या आवृत्तीनं सीडीवर थोडं थोडं लिहिण्याची सोय केली. एकेक फाइल ओढून टाकावी, फ्लॉपीसारखी. सीडी-आरवर दर वेळी बदललेल्या पत्त्यांचा नवा तक्ता अगदी शेवटी लिहायचा. त्याच सुमारास पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू आली. तिच्यावर साधारण हजार वेळा लिहिता येतं, म्हणून खराब झालेल्या खणांच्या बदली राखीव खणांची नोंद ठेवणारा तक्ता यूडीएफमध्ये आला. आरडब्ल्यूवरसुद्धा झटपट पुसलं, तर आधी यादीच जाते, मजकूर तसाच राहतो.

सोय वाढली तसा गोंधळही वाढला. एका संगणकावर अशी लिहिलेली सीडी दुसऱ्यावर उघडत नसे, कारण तिथं तो प्रोग्राम नसे. घरच्या रेकॉर्डरवर भरलेली डीव्हीडी ‘फायनलाइज’ करायची राहिली, तर शेजाऱ्याच्या प्लेअरला ती कोरीच वाटे. त्यातून तो काळ भारनियमनाचा. लिहिता लिहिता वीज गेली, की तबकडी वाया. मग ती शेतात पाखरं हाकलायला टांगायची.

आमची सीडी एका जाणकार तरुण मित्रानं तपासली. प्रत्येक सेशन वेगळं उघडून दाखवणारा प्रोग्राम त्यानं लावला आणि पडद्यावर एकाखाली एक चार याद्या आल्या. चौथ्या रविवारी लिहिताना जुन्या फाइली नव्या यादीत घ्यायच्या राहून गेल्या होत्या, एवढीच चूक. दुसरा आणि तिसरा रविवार पूर्ण मिळाला. पहिल्या रविवारात दोन ठिकाणी अम्मीचा आवाज तुटतो. तिथं तबकडीवर ओरखडा आहे आणि ओरखड्याला फेरफार नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी कष्टानं जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. एका माध्यमावरून दुसऱ्यावर नेल्यामुळं त्यांतल्या काही आज कुणालाही ऐकता येतात. घराघरांतल्या सीड्यांकडं मात्र असं कुणी बघत नाही. नव्या लॅपटॉपला तर सीडीचा खणही नसतो.

म्हणून एक विनंती. घरातली जुनी सीडी कोरी दिसली, तर लगेच टाकून देऊ नका. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि आधीची सेशनं तपासून घ्या. डीव्हीडी उघडत नसेल, तर ती फायनलाइज करायची राहिली आहे का ते पाहा. जे मिळेल ते लगेच दुसरीकडं उतरवा आणि फाइलला नीट मराठीत नाव द्या. आता आठ अक्षरांची अट उरलेली नाही.

आमच्या चारही रविवारांच्या प्रती आता तीन घरांत आहेत. दुसऱ्या रविवारच्या शेवटी ओवी संपते, जातं थांबतं आणि अम्मी भाच्याला विचारते, “आलं का रे सगळं?”